सदर गृहस्थ

एका पत्राला मी सव्वीस दिवस उत्तर दिलं नाही. तसा पत्रांच्या बाबतीत मी वक्तशीर माणूस. एकतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकं परत न करणाऱ्या सभासदांना नियमाने स्मरणपत्रं धाडली. एकेका पत्रात तीनदा 'कृपया' लिहायचो, आणि तरीही पत्र गेल्यावर वाटायचं, जरा कडकच झालं.

हे पत्र मात्र मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात दडवलं. बायको दुसऱ्या खंडाला हात लावत नाही. पहिल्यालाही लावत नाही, पण दुसरा जास्त जड आहे.

पत्र समाजकल्याण कार्यालयाचं होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं: "आपल्या घरी वास्तव्यास असलेले वृद्ध गृहस्थ आपले, तसेच आपल्या पत्नीचे, कोण लागतात याचा लेखी खुलासा तीस दिवसांच्या आत करावा."

हे वाचून तुमच्या मनात जे आलं असेल तेच त्या कार्यालयाच्याही मनात आलं होतं. तसं काही नाही हो. पण जे आहे ते सांगणं मला त्याहून अवघड वाटत होतं.

सुरुवातीपासून सांगतो. मला कंपवात आहे. उजवा हात स्वतःच्या मर्जीने हलतो. रस्त्यात समोरून कुणी आलं की तो हलतो, समोरच्याला वाटतं मी ओळख दाखवतोय, आणि तोही हात हलवतो. जन्मभर मी माणसं टाळली. या हाताने तीन वर्षांत सगळी भरपाई करून टाकली. गोळी घेतली की दोनेक तास बरे जातात. ते संपले की हात, पाय, बोटं, सगळे पुन्हा आपापल्या वाटेने.

अशा माणसाला सकाळी उठवून बसवायचं, शर्ट चढवायचा, बटणं लावायची, मोजे घालायचे, हे सगळं बायको करते. करता करता तिचा खांदा धरला. खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला बजावलं, "आता ओझं उचलायचं नाही."

"नवरा ओझ्यात धरायचा का?" बायकोने विचारलं.

"किती किलो?"

"चौसष्ट."

"मग धरायचा."

त्याच बाईंनी सांगितलं की ज्यांना रोजची कामं दुसऱ्याच्या हाताशिवाय जमत नाहीत त्यांना सरकारकडून मदतनीस भत्ता मिळतो. भत्ता मिळाला तर सकाळी दोन तास एक माणूस ठेवता येईल आणि बायकोच्या खांद्याला सुट्टी मिळेल. बायको त्याच दिवशी अर्जाचा नमुना घेऊन आली.

"द्या इकडे, मी भरते," ती म्हणाली.

"अर्ज मी लिहिणार," मी म्हणालो. "भाषेचं काम आहे."

"भाषेचं कुठलं, सरकारचं काम आहे. खरं आणि थोडक्यात लिहायचं."

"एकतीस वर्षं मी पुस्तकांत..."

"एकतीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलीत. स्वतःबद्दल एक ओळ तरी लिहिलीत का कधी?"

मी एरवी गप्प बसलो असतो. गप्प बसणं मला जमतं. पण त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. म्हणालो, "तू बघच. असा अर्ज लिहितो की वाचणारा खुर्चीतून उठून उभा राहील."

वाचणारा उभा राहिला खरा. पण तो थेट आमच्या दारात.

ग्रंथालयाने मोडीत काढलेलं एक टंकयंत्र मी घरी आणून ठेवलं आहे. हाताने लिहिलेलं माझं अक्षर आता माझं मलाही लागत नाही, म्हणून यंत्रात कागद चढवला, मागे कार्बन आणि नक्कल लावली, आणि डाव्या हाताच्या एका बोटाने कामाला लागलो. नाव, वय, पत्ता, सुरळीत पार पडलं. तीन ठिकाणी सही करायची होती, ती उजव्या हाताने केली. तिन्ही सह्या तीन स्वभावांच्या आल्या. असो.

चौदाव्या रकान्यात लिहिलं होतं: 'आपल्या दैनंदिन जीवनातील अडचणी स्वतःच्या शब्दांत लिहा. जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा.'

मी टंकलं: 'मला शर्टाची बटणे लावता येत नाहीत.'

मग त्या वाक्याकडे बघत बसलो. ते वाक्य माझ्याकडे बघत बसलं. शेवटी मी कागद ओढून काढला आणि फाडला. दुसरा कागद घेतला. 'मला शर्टाची बटणे लावताना किंचित वेळ लागतो.' हे खोटं होतं. फाडला. 'बटणांच्या बाबतीत मी पूर्वीसारखा राहिलो नाही.' हे तर कुणाच्या मृत्युलेखात शोभलं असतं. तीन दिवस मी कागद फाडत होतो. बायको दारातून जाताना विचारायची, "झाला का?" मी म्हणायचो, "आकार घेतोय."

चौथ्या दिवशी, का कुणास ठाऊक, बोटाने आपणहून टंकलं: 'आमच्या घरात एक वृद्ध गृहस्थ राहतात.'

आणि काय सांगू, धरणाचं दार उघडावं तसं झालं. जे तीन वर्षांत बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या गृहस्थांच्या नावाने सरळ कागदावर उतरू लागलं. गृहस्थ परके असल्यामुळे मला त्यांची भीड नव्हती. 'स्वभावाने निरुपद्रवी आहेत. त्यांच्या शर्टाची बटणे घरच्या बाई लावतात. तेवढा वेळ ते छताकडे पाहतात, जणू बटणे दुसऱ्याच कुणाची आहेत.' 'चहा अर्धाच कप घेतात. उरलेला अर्धा कप ही हातासाठी सोडलेली जागा असते.' 'दाराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय थबकतात. मनात एक-दोन म्हटले की उचलतात. कधी पन्नासपर्यंत मोजावे लागते.' 'पुस्तक वाचताना दोन पाने एकदम उलटतात. काही कादंबऱ्यांत त्याने फरक पडत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले आहे.'

नऊ पानं झाली. शेवटच्या पानावर 'ते गृहस्थ मीच' असं लिहायचं ठरवलं होतं. पण शेवट इतका चांगला साधला होता की त्यानंतर काही लिहिणं जिवावर आलं. म्हटलं, वाचणाऱ्याला कळेलच. एवढं तरी सूचकपण वाचकाला समजतं.

"वाचून दाखवा की," बायको म्हणाली.

"सरकारी कागद आहे," असं म्हणून मी पाकीट बंद केलं. नक्कल शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात गेली.

कार्यालयाचा क्रम असा की आधी अर्ज, मग घरभेट, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांचा दाखला. महिन्याभराने एका सकाळी अकरा वाजता दाराची घंटा वाजली. बायको खांद्याच्या व्यायामाला गेली होती. माझी गोळी नुकतीच चढली होती. मी दार उघडलं, आणि उजवा हात सवयीने पाठीमागे नेला.

दारात चाळिशीतल्या एक बाई. खांद्याला पिशवी, हातात फाईल, आणि फाईलमध्ये माझी नऊ पानं. कोपरे दुमडलेले, एका पानावर चहाचा गोल डाग. माझं लिहिलेलं कुणीतरी चहा पिता पिता वाचलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. माझं डोकं तिथेच ठिकाणावर राहिलं नाही. पुढचं सगळं त्यामुळे घडलं असं मी मानतो.

"नमस्कार काका. मी समाजकल्याणमधून, घरभेटीला. ते आहेत ना?"

"कोण?"

"ते गृहस्थ." त्यांनी आवाज खाली आणला. "झोपलेत का?"

आता शहाण्या माणसाने काय म्हणायचं? 'मीच तो.' दोन शब्द. मी तोंड उघडलंही होतं.

पण तपासनीस बाई थांबल्या नाहीत. "खरं सांगू का काका, दुपारच्या सुट्टीत मी ते आमच्या विभागात मोठ्याने वाचून दाखवलं. बटणांच्या पानावर आमचे साहेब चष्मा पुसत बाहेर निघून गेले. कधी एकदा त्यांना भेटते असं झालंय मला."

त्या एवढ्या ओढीने त्यांना भेटायला आल्या होत्या, आणि मी पुढे करणार काय, तर मला. सुंदर वेष्टण पाहून कुणी पुस्तक उचलावं आणि आत कोरी वही निघावी, तसं झालं असतं.

"ते बाहेर गेलेत," मी म्हणालो.

"बाहेर? एकटे?" त्यांनी फाईल उघडली. "पान तीनवर तर ते उंबऱ्याशी थबकतात."

"आज थबकले नाहीत."

"अरे वा. कुठे गेलेत?"

"ग्रंथालयात."

"पायी?"

"पायीच."

"मग मी थांबते," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मी समोर बसलो आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. पुढचा पाऊण तास आम्ही माझी वाट पाहिली. बोलायचं काय हे मला एरवीही सुचत नाही, त्यात ही वेळ. शेवटी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "चहा?" आणि म्हणताक्षणी कप, बशी, आणि स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंतचं सगळं अंतर डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"घेईन की," त्या म्हणाल्या.

"दूध नाही."

टेबलावर दुधाचं पातेलं होतं. भरलेलं. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"ते त्यांचं आहे," मी म्हणालो.

तपासनीस बाईंचे डोळे भरून आले. "फार जपता हो तुम्ही त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्यांनी गृहस्थांची खोली पाहायची इच्छा दर्शवली. मी माझी खोली दाखवली. दुसरी कुठून आणू? पलंगाच्या पायाला उठताना धरायची दोरी बांधलेली, उशाशी पुस्तकं, अर्धा भरलेला पेला. त्या प्रत्येक वस्तूकडे ओळखीच्या नजरेने पाहत होत्या. मग त्यांची नजर खिडकीजवळच्या दुसऱ्या पलंगावर गेली.

"हा कुणाचा?"

"बायकोचा." हे मात्र खरं निघून गेलं तोंडातून.

"तुमच्या मिसेसचा?"

"हो."

"या खोलीत?"

"तिला खिडकीचा वारा लागतो."

"आणि काका, तुम्ही?"

मी बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीकडे बोट दाखवलं. डाव्या हाताचं. तपासनीस बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

"एक विचारू? अर्जावर या तीन सह्या तीन माणसांच्या वाटतात. यातली एक त्यांची का?"

"असेल."

"आणि तिसरी?"

"त्या दिवशी जरा घाई होती," मी म्हणालो. याचा अर्थ काय हे मला आजही सांगता येणार नाही.

निघताना त्यांनी पिशवीतून एक चमचा काढला. जाड दांड्याचा, हातात धरला तर वरवंट्यासारखा. "हा माझ्याकडून त्यांना. वजनामुळे हात कमी हलतो. पान पाच वाचल्यावर शोधून आणला." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "अर्जदाराच्या जागी मात्र तुम्ही तुमचंच नाव घातलंत. सांभाळणाऱ्यांची होते ही चूक. तुम्ही तर ठणठणीत आहात. असेच राहा."

मी त्यांना पोचवायला दारापर्यंत गेलो. त्या जिन्यात वळल्या, आणि उंबऱ्याशी माझे पाय थबकले. जमिनीला खिळल्यासारखे. अर्धं मिनिट आधी थबकले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझं शरीर कामाच्या वेळी कधीच आजारी पडत नाही.

बायको आली. "हा चमचा कुणाचा?"

"सरकारकडून. अर्जाबरोबर देतात."

"बरं आहे की सरकार," ती म्हणाली आणि तो चमचा घासायला घेऊन गेली.

प्रकरण इथवरच राहिलं असतं तर मी ते पचवलं असतं. पण वर येण्याआधी बाईंनी खाली आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना विचारलं होतं, "ग्रंथपालांकडे राहतात ते म्हातारे गृहस्थ कोणत्या मजल्यावर?" आमचे सेक्रेटरी म्हणजे इमारतीत नवीन मांजर आलं तरी त्याची नोंद करणारा माणूस. संध्याकाळी रजिस्टर घेऊन हजर.

"वहिनी, तुमच्याकडे आणखी कोण राहतं?"

"आणखी?" बायको म्हणाली. "एक आहे तेवढा पुरेसा आहे."

"लपवू नका. मी तुमच्या खालीच राहतो. मला पावलं ऐकू येतात. सकाळी एक जण पाय घासत चालतो आणि साडेदहानंतर दुसरा एक नीट चालतो. दोघं कधी एका वेळी चालत नाहीत, यावरूनच मला संशय आला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. पेपर जरा जास्तच हलत होता.

"भाऊजी, तुम्ही पाय ऐकत बसता त्यापेक्षा जिन्यातला दिवा दुरुस्त करा," असं सांगून तिने दार लावलं. पण दुसऱ्या दिवशी खाली फलकावर सूचना लागली: 'काही सभासदांनी आपल्या घरी नोंदणी न केलेले वृद्ध ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी त्वरित नोंद करावी.' ज्यांच्या घरी सासू-सासरे होते ते सगळे घाबरून रजिस्टर शोधू लागले. त्या आठवड्यात इमारतीतले म्हातारे एकदम नऊने वाढले.

आणि मग ते पत्र आलं. अर्जदाराच्या अपंगत्वाचा अर्जात कोठेही उल्लेख नाही आणि घरभेटीत अर्जदार धडधाकट आढळला, सबब अर्ज प्रलंबित. गृहस्थ कोण याचा खुलासा करा, न केल्यास अर्ज निकाली. आणि शेवटी, 'उक्त गृहस्थ मात्र भत्त्यास पात्र दिसतात.' जन्मात मी एकच पात्र लिहिलं, आणि तेही माझ्यापेक्षा पात्र ठरलं.

खुलासा लिहायला मी रोज बसायचो. पण लिहिणार काय? मी आहे असं लिहिलं तर बाईंना पाऊण तास समोर बसून फसवलं हे कबूल करावं लागणार. दूध आलं. आरामखुर्ची आली. शिवाय ते पहिलं वाक्य आलंच, ज्याच्यापासून पळत मी नऊ पानं धावलो होतो. मी पत्र पुन्हा खंडात ठेवायचो. बायकोने विचारलं की सांगायचो, "सरकारी काम आहे, वेळ लागतो."

सव्विसाव्या दिवशी सकाळी ती माझ्या शर्टाला बटणं लावायला पुढे झाली, आणि तिचा उजवा हात कोपराच्या वर जाईना. तिने डाव्या हाताने सुरुवात केली. मी माझ्या डाव्या हाताने काज धरलं. पाच बटणं, पस्तीस मिनिटं. शेवटी खाली एक काज उरलं आणि वर एक बटण.

"काज जरा घट्ट आहेत आज," मी छताकडे बघत म्हणालो.

ती पलंगावर बसली. "मला नाही हो आता जमत," ती म्हणाली.

तक्रार नव्हती. रागही नव्हता. घरात साखर संपली हे सांगावं तसं सांगितलं. तिच्या तोंडून हे शब्द मी आजवर कधीच ऐकले नव्हते. ते शब्द बोलायची पाळी खरं तर तीन वर्षं माझी होती.

मी कपाटाकडे गेलो आणि दुसरा खंड ओढला.

"काय शोधताय? पडाल."

मी पत्र आणि नऊ पानांची नक्कल तिच्या मांडीवर ठेवली. तिने आधी पत्र वाचलं.

"'आपल्या पत्नीचे कोण लागतात.' अहो, हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळं. ग्रंथालयात पायी गेलेले गृहस्थ, आरामखुर्ची, तिसरी सही.

"म्हणजे त्या बाईंना वाटतं की मी कुणा परक्या म्हाताऱ्याच्या खोलीत झोपते आणि तुम्ही बाहेर खुर्चीत?"

"हो."

"आणि घरी आलेल्या बाईला तुम्ही चहा दिला नाहीत."

"दूध नाही म्हणालो."

"दूध तर होतं."

"दिसत होतं त्यांना."

"अहो, निदान पातेलं तरी झाकायचंत," ती म्हणाली. सबंध प्रकरणात तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

मग तिने चष्मा लावला आणि नऊ पानं वाचायला घेतली. एखादा लेखक आपल्या वाचकाकडे बघतो तसा मी बघत होतो, म्हणजे बघत नाही असं दाखवत. दोन पानं एकदम उलटण्याच्या जागी ती हसली. 'घरच्या बाई' या शब्दांशी थांबली. "मी घरच्या बाई? आणि इथे कष्टाळू म्हटलंय. चव्वेचाळीस वर्षांत तोंडाने नाही म्हणालात."

सातव्या पानावर ती बराच वेळ थांबली. तिथे लिहिलं होतं की गृहस्थांना रात्री तहान लागते, पण पेला पडला तर घरच्या बाईंची झोप मोडेल म्हणून ते सकाळपर्यंत तसेच पडून राहतात.

"मला वाटायचं तुम्हाला तहान लागत नाही," ती म्हणाली.



तिने पानं जुळवून मांडीवर ठेवली. "बरे आहेत हे गृहस्थ. जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगतात. मी ज्यांची बटणं लावते त्यांना मात्र काज घट्ट लागतात." मग पदराने चष्मा पुसून म्हणाली, "यांच्यासाठी मला भत्ता नको. तुमच्यासाठी हवाय. चार दिवस राहिलेत. लिहा."

"यंत्र आणतो."

"यंत्र नको. यंत्राच्या अक्षरात तुमचा हात दिसत नाही, म्हणून तर एवढं रामायण झालं. हाताने लिहा."

मी टेबलाशी बसलो. गोळीचा अंमल उतरत चालला होता, आणि मी थांबू का असं विचारल्यावर ती म्हणाली, "आत्ताच लिहा. आत्ताच खरं येईल." तिने डाव्या हाताने कागद दाबून धरला. 'मी' लिहायला मला चार मिनिटं लागली. त्याची वेलांटी कागदाच्या बाहेर टेबलावर गेली. एकेक अक्षर लिंबाएवढं. काही अक्षरं शेजारच्या ओळीत राहायला गेली. सव्वा तासाने जे झालं ते असं:

'सदर गृहस्थ म्हणजे मी. मला शर्टाची बटणे लावता येत नाहीत. घरच्या बाई म्हणजे माझी पत्नी. तिचा खांदा धरला आहे. तिला आता जमत नाही. सदर गृहस्थ तिचे पती लागतात.'

"आणि दुधाचं लिहा," बायको म्हणाली.

'घरी दूध होते. क्षमस्व.'

सही करताना मी थांबलो. ही चौथ्याच माणसाची दिसेल, असं म्हणालो. "दिसू दे. बोलावतील चौघांना," ती म्हणाली.

पोस्टात आम्ही दोघं गेलो. उंबऱ्याशी मी एकोणीसपर्यंत मोजलं, ती शेजारी उभी राहून भिंतीवरचे दर वाचत असल्याचं दाखवत होती. खिडकीतल्या तरुण कारकुनाने पाकीट वजन करून विचारलं, "पाठवणारे कोण?"

"मी," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

त्याने शिक्का मारला, पाकीट मागच्या पेटीत टाकलं आणि पावती पुढे केली. मी ती घेतली. उजव्या हातात घेतली, हे विशेष. पावती वाऱ्यातल्या पताकेसारखी फडफडायला लागली. कारकून पावतीकडे पाहायला लागला, मग माझ्या हाताकडे.

"पंखा फार जोरात आहे हो तुमचा," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. बायकोने वर पाहिलं. मग मीही पाहिलं. पंखा बंद होता.